अर्ध्या मिलिमीटरची फट

शनिवारी सकाळी तोगाशींच्या घरातलं जेवणाचं टेबल रिकामं व्हायचं. त्यांची बायको सुमिए संत्र्यांची टोपली आणि चहाची किटली उचलून खिडकीपाशी नेऊन ठेवायची आणि तोगाशी टेबलावर पांढरा कागद अंथरायचे. त्यावर मापायचा कॅलिपर, चिमटा, बारीक कानस, सुरी आणि भिंग ठेवायचे. शिझुओका शहरात असं टेबल मांडणारे पुष्कळ, कारण प्लास्टिकचे छोटे रणगाडे इथल्याच कारखान्यांत जन्माला येतात. पण तोगाशींच्या टेबलाची धास्ती साऱ्या कारखान्यांना होती.

तोगाशी मासात्सुगु पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते, पण गाव त्यांना अजून 'सर'च म्हणायचं. मॉडेलांच्या एका मासिकात त्यांचं सदर यायचं. जोडायच्या तुकड्यांचा नवा संच बाजारात येण्याआधी त्यांच्याकडे यायचा. खऱ्या रणगाड्याची मापं आणि या तुकड्यांची मापं जुळतात का, आणि तुकडे एकमेकांत नीट बसतात का, एवढंच ते बघायचे. रिवेट एखादा जरी कमी असला तरी सर सोडत नसत. "सर, तुम्ही लग्नाआधी काकूंनाही कॅलिपर लावला होता का?" असं संपादक चेष्टेनं विचारायचा.

त्या शनिवारी इवाबुची मोकेई या छोट्या कंपनीचा संच टेबलावर होता. मालकीण रित्सुको इवाबुची त्यांची जुनी ओळखीची. कारखाना तिच्या आईवडिलांनी काढलेला. तिची आई त्सुनेको आता एक्याऐंशी वर्षांची. या आजींचा बाप युद्धात रणगाडा चालवायचा. दक्षिणेकडच्या एका बेटावर तो मारला गेला, तेव्हा त्सुनेको वर्षाचीही नव्हती. तो रणगाडा पुढे माजी सैनिकांनी समुद्राकाठच्या चिखलातून उपसून मायदेशी आणला आणि चहाच्या मळ्यांवरच्या एका लहान देवळाच्या आवारात ठेवला. माणूस मात्र आला नाही. डोळे मिटायच्या आत बापाच्या रणगाड्याचं मॉडेल व्हावं, एवढीच आजींची इच्छा. म्हणून रित्सुकोनं तोच रणगाडा मोजून हा संच काढला होता.

तोगाशींनी नेहमीप्रमाणे गोंद न लावता तुकडे जुळवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पत्र्याची जाडी, चाकांमधलं अंतर, तोफेच्या फिरत्या बुरुजाचा उतार, सगळं खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाला चोख उतरत होतं. बुरूज सांगाड्यावर असा बसला, जसं चहाच्या जुन्या डब्याचं झाकण स्वतःच्या वजनानं खाली उतरतं.

"आज कुणाची खरडपट्टी नाही वाटतं?" सुमिए म्हणाली.

"नाही गं. पोरीनं बापजाद्यांचं नाव राखलं."

एकच गोष्ट राहिली होती. चालकाच्या तोंडासमोर एक छोटी झडप असते, वरून बिजागरी असलेली. ती खाली पाडली की बंद होते. ती काही केल्या बसेना. खाली कायम अर्ध्या मिलिमीटरची फट राहायची. तोगाशींनी भिंग धरलं. झडपेच्या चौकटीच्या खालच्या काठावर, आतल्या बाजूनं चार बारीक उंचवटे होते, एकाला एक लागून. साच्यात कचरा राहिला की असं होतं. सदरासाठी त्यांनी जवळून एक फोटो काढला आणि सुरी घेतली.

प्लास्टिक कापताना हाताला एक ओळखीचा कोरडेपणा जाणवतो. इथे तो नव्हता. पातं आधी जरा रुतलं, मग आत काहीतरी टणक लागलं आणि ते तुटलं. चारही वेळा तसंच झालं. बाहेर बाराचा भोंगा वाजत होता. झडप आता टिच् करून बसली. सुमिएनं कागदावरचा चुरा फडक्यानं टिपून कचऱ्यात टाकला आणि टेबलावर भात मांडला.

दुपारी सदर लिहायला बसल्यावर त्यांनी तो फोटो संगणकावर मोठा केला. मग आणखी मोठा केला.

उंचवट्यांवर आडव्या सुरकुत्या होत्या. पेरांवर असतात तशा. आणि प्रत्येकाच्या टोकाला एक नख होतं.

सोबत दुसराही संच आला होता. तोगाशींनी तो फोडला. त्याचा काठ गुळगुळीत होता आणि झडप पहिल्याच फटक्यात बसली. त्यांनी रित्सुकोला फोन लावला, फोटो पाठवला. ती कारखान्यात जाऊन साचा बघून आली.

"सर, साचा आरशासारखा आहे. नमुन्याचे पन्नास तुकडे तपासले. एकावरही काही नाही." तिनं बजावलं. "हा विनोद असेल तर माझ्या आईला कळू देऊ नका. तिच्या वडिलांची जागा आहे ती."

"मी आयुष्यात कधी विनोद केलाय का गं?"

"नाही," ती म्हणाली. "तेच तर वाईट आहे."

फोन ठेवल्यावर तोगाशींनी सवयीनं गुणाकार केला. अर्धा मिलिमीटर गुणिले पस्तीस. साडेसतरा मिलिमीटर. त्यांनी कॅलिपर उचलून स्वतःच्या मधल्या बोटाला लावला, आकडा वाचला आणि कॅलिपर पालथा ठेवून दिला.

रविवारी तोगाशी आणि रित्सुको गाडीनं देवळात गेले. मागच्या सीटवर त्सुनेको आजी होत्या. रित्सुकोनं त्यांना खरं काहीच सांगितलं नव्हतं, पण रणगाडा बघायला जातोय म्हटल्यावर त्या कोट घालून दारात उभ्याच होत्या. डोंगर स्वच्छ उन्हात होता आणि चहाच्या रांगा विंचरल्यासारख्या दिसत होत्या. देवळाचे पुजारी सुगावारा रबरी बूट घालून पाचोळा लोटत होते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मी तुम्हाला फोन करणारच होतो. काल झडप पडली."

"कुठली झडप?" तोगाशींनी विचारलं.

"समोरची हो, चालकाची. ती कायम बोटभर उघडी असायची. खालच्या काठावर चिखल आणि प्रवाळ थिजून चार गाठी झाल्या होत्या, त्यामुळे बसतच नव्हती. माझ्या वडिलांनी हातोडा मारून पाहिला होता. पोरं त्या फटीतून नाणी टाकायची. आणि काल दुपारी धाडकन बंद! आमच्या हिच्या हातातून कढई पडली."

"दुपारी कधी?"

"बाराचा भोंगा वाजत होता बघा."

रित्सुकोनं तोगाशींकडे पाहिलं. "त्या गाठी आम्ही आराखड्यातून काढल्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "घाण म्हणून."

तोगाशी रणगाड्याजवळ गेले. गंजाचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास होता, ताजा, ज्याला त्यांना नाव देता येईना. झडप चौकटीत अगदी चपखल बसली होती. एवढी चपखल बसलेली झडप त्यांनी सदरात वाखाणली असती.

पुजाऱ्यांनी पहार आणली. दोघांनी मिळून झडप वर उचलली. ती आवाज न करता उघडली.

आत चिखल भरला होता, ऐंशी वर्षं वाळून दगड झालेला. झडप आपटल्यानं त्याचा पुढचा पापुद्रा तडकून पडला होता. रित्सुकोनं विजेरी आत धरली.

पापुद्र्यामागे एक हात होता.

हाडांचाच. मनगटापासून पुढे आलेला, काठाकडे ओढलेला. बोटं काठापर्यंत पोचली होती आणि तिथेच संपली होती. काठावर, बाहेरच्या बाजूला, चार लहान तुकडे पडले होते. प्रवाळाच्या कवचात निम्मे झाकलेले.

तोगाशी वाकले. हाडं चहाच्या काढ्यासारखी तपकिरी होती.

कापलेले भाग पांढरे होते.

रित्सुकोच्या हातातली विजेरी खाली पडली. पुजारी मागे सरकून काहीतरी पुटपुटू लागले. तोगाशी रणगाड्याच्या पट्ट्याला टेकून खाली बसले. उजव्या हाताला सुरीची ती जाणीव परत आली. आधी रुतणं, मग टणक.

त्सुनेको आजी काठी टेकत जवळ आल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"उजवा हात आहे," त्या म्हणाल्या.

तेव्हा तोगाशींनी सगळं सांगितलं. टेबल, भिंग, सुरी, भोंगा. गणिताच्या मास्तरासारखं, एकेक पायरी. सांगताना त्यांचा त्यांनाच विश्वास बसत नव्हता, पण पायरी कुठे चुकत नव्हती. रित्सुको दोन्ही हात तोंडावर दाबून उभी होती.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुखलं असेल का हो त्यांना?"



पुढचं सगळं सरकारी रीतीनं झालं. पोलिस आले, मग राजधानीतून माणसं आली. चालकाच्या जागेतला चिखल फोडून त्यांनी हाडं काढली आणि त्यांचा डीएनए आजींच्या लाळेशी ताडून पाहिला. बापच होता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी रित्सुकोला बाजूला घेऊन विचारलं, की हाडं ऐंशी वर्षांपूर्वीची आणि बोटांवरचे घाव मात्र त्याच आठवड्यातले, हे कसं? बारीक, फार धारदार पात्याचे. तिनं माहीत नाही म्हणून सांगितलं.

अशा रणगाड्यात चौघं असत. बाकीचे तिघे उड्या टाकून निसटले आणि पुढे बेटावरच पुरले गेले, असं माजी सैनिकांनी त्या काळी सांगितलं होतं. बुरुजाखालचा चिखल सिमेंटसारखा होता. तो फोडला तर बुरूज कोसळेल, आणि आत काही असण्याचं कारणही नाही, असं ठरवून सरकारी माणसं परत गेली. बुरुजावरचं झाकण तेवढं गंजून बोटभर उघडं राहिलं होतं. पाऊस आत जाऊ नये म्हणून पुजाऱ्यांनी त्यावर ताडपत्री बांधली.

अस्थी मातीला दिल्या त्या दिवशी आजींनी तोगाशींना शेजारी उभं केलं. परतताना त्या म्हणाल्या, "सर, मॉडेल बाजारात आणा. त्यांची गाडी लोकांनी बघू दे. फक्त झडप उघडी ठेवा." रित्सुकोनं साचा बदलून घेतला. झडप आता उघड्याच अवस्थेत येत होती. तोगाशींनी सदरात लिहिलं, की इतका खरा संच आपण पाहिलेला नाही. ते वाक्य लिहायला त्यांना तीन दिवस लागले. सुरी त्यांनी सुमिएला देऊन टाकली होती. तिनं ती स्वयंपाकघरात न ठेवता नदीत टाकली, आणि का टाकली हे त्यांनी विचारलं नाही.

मे महिन्यात शहरात मॉडेलांचं मोठं प्रदर्शन भरलं. इवाबुचीच्या टेबलापुढे रांग लागली होती. रित्सुको कितीतरी दिवसांनी हसत होती. त्सुनेको आजी खुर्चीत बसून येणाऱ्या जाणाऱ्याला त्या छोट्या रणगाड्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "आमच्या वडिलांचा." तोगाशी त्यांच्या मागे चहाचा पेला घेऊन उभे होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना चहाची चव लागत होती.

एक गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला. तोयामाहून आलेला दातांचा डॉक्टर, कुरेहा. त्यानं लवून नमस्कार केला आणि पिशवीतून कापसात गुंडाळलेला, रंगवून पूर्ण केलेला तोच रणगाडा काढून टेबलावर ठेवला.

"सर, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणतात. पण यंदा मी तुम्हाला पकडलं!" तो खूश होता. "बुरुजावरचं झाकण. ते बसतच नव्हतं. बारीकशी फट राहायची."

तोगाशींनी पेला खाली ठेवला.

"आतल्या काठाला कसलेसे उंचवटे होते," डॉक्टर म्हणाला. "पण आम्ही दातांचे डॉक्टर. कोरायची सवयच. पंधरा मिनिटांत साफ केलं. आता बघा."

त्यानं करंगळीनं झाकण दाबलं. ते घट्ट बसलं.

"किती होते?" तोगाशींनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. "किती उंचवटे होते?"

कुरेहा हसला. सरांनी आकडा विचारावा, हे त्याला अगदी अपेक्षितच होतं.

"बारा," तो म्हणाला. "मोजून कापले."