आभाळातले चार पक्षी

फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि महादेवी एका लेन्सचं पोट उघडून बसली होती.

"अक्का, फौजदार शांतलिंग बोलतोय. जीप पाठवलीय. तुमचं सामान घेऊन लगेच निघा."

"आज दसरा हाय साहेब. एवढं काय अडलंय?"

"उत्तरेश्वरचा खून झालाय. त्याचा कॅमेरा उघडून बघायचाय."

बारीक स्क्रू चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेला. तीस वर्षांत तिनं स्क्रू हरवला नव्हता. आज मात्र तो शोधायला ती वाकली नाही.

तुळजापूरच्या स्टँडमागं तिचं कॅमेरादुरुस्तीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं होतं, आणि जिल्ह्यातल्या हौशी फोटोवाल्यांपैकी तिच्या शिव्या न खाल्लेला एकही माणूस नव्हता. लाखाचा कॅमेरा घेऊन तो बनियननं पुसणाऱ्यांवर तिचा विशेष राग होता. उत्तरेश्वर त्यातला नव्हता. परवा, अष्टमीच्या संध्याकाळी, तो सेन्सर साफ करून घेऊन गेला होता. "अक्का, या खेपेला लांडगी मिळणार बघा," असं दारातून ओरडून गेला होता. पोरगा गुणी होता. जीपमध्ये बसल्यावर महादेवीनं पदर तोंडावर घेतला आणि नळदुर्ग येईपर्यंत खाली केला नाही.

मग मन दुसरीकडं लावायला तिनं मोबाइल काढला. जिल्ह्यातल्या छायाचित्र स्पर्धेची मुदत आज दुपारी बाराला संपली होती. आलेले फोटो पानावर लागले होते आणि सगळ्यात वर होता रणधीरचा. हा उत्तरेश्वरचा दहा वर्षांचा जोडीदार. दोघं माळ बरोबरच तुडवायचे.

माळाच्या उंचवट्यावर लांडगी उभी, तोंडात पिल्लू, मागं नुकता उगवलेला सूर्य. सूर्याची किरणं टोकदार ताऱ्यासारखी फुटलेली. डाव्या कोपऱ्यात, मोकळ्या आभाळात, दूरवर चार बारके पक्षी. खाली लिहिलं होतं, 'मागच्या रविवारी, माझ्या कॅमेऱ्यातून.'

मित्र मेला त्याच दिवशी याचं नशीब उघडावं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

ठाण्याच्या वळणावर पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. फाटकाशी दोन-अडीचशे माणसं होती. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात लोखंडी पहारी. गळ्यात कॅमेरा अडकवलेला रणधीर कठड्यावर चढून घसा फोडत होता, "आमच्या हवाली करा त्याला! आमी बघतो!" त्याच्या पायाशी उत्तरेश्वरचा भाऊ अमरसिंह उभा होता. तो ओरडत नव्हता. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या होत्या.

ते रक्त कुणाचं ते आत गेल्यावर कळलं.

बाकावर बिराप्पा धनगर आडवा पडला होता. एक डोळा मिटलेला, पुढचे दात गेलेले, उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. त्याची बायको कमलबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"ह्यानं मारलं?" महादेवीनं विचारलं.

"गाव तसं म्हणतंय," शांतलिंग म्हणाला. "सास्तूरच्या पलीकडं माळावर उत्तरेश्वर आणि रणधीरचं लपण आहे. गवतात खोदलेला खड्डा, वरून फांद्या टाकलेल्या. सकाळी नऊला हाच बोंबलत गावात आला, की उत्तरेश्वर आत मरून पडलाय. ह्याच्या घोंगडीला रक्त होतं. पंधरा दिवसांपूर्वी ह्याचं उत्तरेश्वरशी भांडणही झालेलं. लोकांनी पुढं काही विचारलंच नाही. ह्याला तुडवला, मेंढरांचा वाडा पेटवला. मी पोचलो तेव्हा जिवंत होता एवढंच."

"मग दवाखान्यात न्या की."

"कसा नेऊ? फाटक उघडलं की ओढून घेतील. माझी सहा माणसं आहेत, बाकीचे तुमच्या तुळजापूरच्या बंदोबस्ताला. तासाभरात ते फाटक तुटतंय अक्का, आणि हा मरतोय. त्याच्या आत मला खरा माणूस पाहिजे, नाहीतर ह्याच्याविरुद्ध पुरावा."

महादेवी बिराप्पाजवळ वाकली. "भांडण कशाचं?"

"मेलेली शेळी टाकायचे... लांडगं यावं म्हणून," तो तुटक बोलला. "माजी दोन कोकरं गेली."

"आज काय बघितलंस?"

"पालथा व्हता. म्या उचललं. जीव न्हवता. तीन पायाचं लोखंड रक्तानं भरल्यालं."

"कॅमेऱ्याला हात लावलास?"

"न्हाय माय. कशाला लावू?"

बाहेर पुन्हा दगड पडले. कुठंतरी काच फुटली.

शांतलिंगनं टेबलावर उत्तरेश्वरचा ट्रायपॉड आणि कॅमेरा ठेवला. ट्रायपॉडच्या एका पायाला केस चिकटलेले होते. महादेवीनं त्याच्याकडं पाठ केली आणि कॅमेरा घेतला. पट्ट्यावर कुंकवाची बोटं उमटली होती. काल खंडेनवमी झालेली, तेव्हा त्यात नवल नव्हतं. तिनं लेन्स सोडवली. तोंडाच्या खाचेत एक अक्षत अडकली होती आणि हळदीची पिवळी रेघ होती.

"असं कोण करतं रे?" ती मेलेल्या माणसावरच खेकसली. मग तिनं आतलं मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं.

कार्ड कोरं होतं.

"म्हणजे फोटो काढायच्या आतच मेला," शांतलिंग म्हणाला.

महादेवीनं बॅटरीचा खण उघडला. साफसफाई झाली की शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा आत पेन्सिलीनं लिहायची तिची सवय होती. तिनं कॅमेऱ्यातला आकडा त्याच्याशी ताडून पाहिला.

"अष्टमीनंतर सदतीस फोटो काढलेत साहेब. ते गेले कुठं?"

"बिराप्पानं कार्ड काढून फेकलं असेल."

"फेकलं असतं तर खण रिकामा असता. हितं दुसरं कोरं कार्ड घातलंय. मेंढरामागच्या माणसाच्या घोंगडीत असलं कार्ड असतं व्हय?"

महादेवीनं लेन्स परत बसवली, तिचं भोक बारीक केलं आणि ठाण्याच्या पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला. तो लॅपटॉपवर मोठा केला. भिंत कोरी होती. फोटो कोरा नव्हता. मग तिनं मोबाइल काढला, पुन्हा ते स्पर्धेचं पान उघडलं आणि लॅपटॉपच्या शेजारी धरलं.

"साहेब, रणधीरला आत घ्या. अमरसिंहालाही. रणधीरला म्हणावं, तुझा कॅमेरा घेऊन ये. अक्कानं मागितलाय."

दोघं आत आले. बाकाकडं नजर जाताच रणधीर थुंकला. अमरसिंहानं मान फिरवली.

"फोटो लई भारी आलाय तुझा," महादेवी म्हणाली. "कधीचा?"

"रविवारचा, अक्का. पण आज त्याचं काय?"

"उत्तरेश्वर होता बरोबर?"

"न्हाय. एकटाच होतो."

"कॅमेरा हाच?"

"हाच. माझा."

"आज सकाळी कुठं होतास?"

"घरी. झोपलो होतो. दहाला आपट्याची पानं आणायला बाहेर पडलो, तवा कळलं."

"आभाळात पक्षी कसले आहेत रे?"

"टिटव्या. लांब होत्या. उडताना बघितल्या की मी."

"चार?"

"चारच."

महादेवीनं त्याचा कॅमेरा घेतला, त्याच भिंतीचा फोटो काढला आणि बाजूला ठेवला. मग अमरसिंहाकडं वळली.

"काल कॅमेऱ्याची पूजा कुणी मांडली?"

"आईनं," अमरसिंह म्हणाला. "कॅमेरा, लेन्सा, समदं सुटं करून पाटावर. उत्तऱ्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावर टोपण लावलं होतं. ते आईनं काढलं. झाकल्या हत्याराची पूजा होत नसती म्हणली. हळदकुंकू, अक्षता, कापसाचं वस्त्र वाहिलं. तो घरात न्हवता, न्हायतर ओरडला असता."

"मग कॅमेरा कधी उचलला?"

"आज पहाटे साडेचारला. अंधारातच लेन्स बसवली न् गेला. त्याच्या आधी न्हाय. आमच्यात दसरा उजाडल्याबिगर पाट हलवत न्हाईत."

महादेवीनं लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला.

"नीट ऐका. ह्या कॅमेऱ्यांत आरसा नसतो. लेन्स काढली की आतला सेन्सर उघडा पडतो. त्यावर कचरा बसला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. लेन्सचं भोक मोठं असेल तर दिसत न्हाय. लहान केलं की उठून दिसतो. आणि सूर्याचा असा तारा फोडायचा तर भोक लहान करावंच लागतं."

तिनं एक फोटो उघडला. "ही भिंत. रणधीरच्या कॅमेऱ्यातली. स्वच्छ हाय." मग दुसरा. "आन् ही उत्तरेश्वरच्या."

पांढऱ्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यात चार डाग होते. तीन ठिपके आणि आकड्यासारखा वळलेला एक धागा.

"हळद, हळद, कुंकू, आन् वस्त्राचा कापूस. आता हा तुझा लांडगीचा फोटो वर ठेवते."

तिनं ठेवला. चार पक्षी चार डागांवर तंतोतंत बसले.

"तुझ्या टिटव्या ठाण्याच्या भिंतीवर कशा आल्या रे?"

रणधीर मागं सरकला. "बरं... कॅमेरा त्याचा होता. रविवारी मागून घेतला होता. मोठेपणासाठी माझा म्हणलो. त्यानं काय होतंय?"

"रविवारी हा कचरा आत नव्हता. मंगळवारी, अष्टमीला, सेन्सर मी ह्या हातांनी साफ केला. बुधवारी अमरसिंहाच्या आईनं टोपण काढून हळद वाहिली. त्यानंतर कॅमेरा पाटावरून हलला तो आज पहाटे. नऊला बिराप्पाला प्रेत सापडलं. ह्या मधे सूर्य एकदाच उगवला, रणधीर. फोटोतला सूर्य आजचा हाय. तू घरी झोपला न्हवतास."

कमलबाईनं मान वर केली.

"तारीख बदललीस, कॅमेऱ्याचा नंबर बदललास," महादेवीचा आवाज चढला. "तेवढं तुला येतं. पण स्पर्धेत मूळ फोटो लागतो, त्यातला ठिपकासुद्धा पुसायचा न्हाय, असा नियम हाय. म्हणून डाग तसेच ठेवलेस आन् त्यांचे पक्षी केलेस. मूळ फोटो म्हणजे ते कार्ड. तू फोटोवाला आहेस. ते तू फेकणार न्हाईस. साहेब, खिसे बघा त्याचे."

शांतलिंगनं हात पुढं केला आणि रणधीर उसळला. त्यानं उत्तरेश्वरचा कॅमेरा उचलून जमिनीवर आपटायला डोक्यावर नेला. शांतलिंगचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं, दोघं टेबलासकट खाली आले. निसटलेला कॅमेरा महादेवीनं झेलून पोटाशी धरला. दोन शिपाई रणधीरच्या पाठीवर बसले तेव्हा त्याच्या आतल्या खिशातून बोटभर डबी घरंगळली. डबीत कार्ड होतं. कार्डात सदतीस फोटो.

"ती जागा मी शोधली होती," रणधीर फरशीला गाल लावून बोलत होता. "चार वर्षं बसलो. चार वर्षं! आज लांडगी वर आली न् मी कार्ड बदलत होतो. वीस सेकंद उभी राहिली. उत्तऱ्याचा कॅमेरा कटकट करतोय आन् माझ्या हातात कोरं कार्ड. म्हणलं, एक फोटो माझ्या नावावर दे. हसला. म्हणला, तुझा पुढच्या वर्षी."

"किती वेळा मारलंस?" शांतलिंगनं विचारलं.

"मोजलं न्हाय."

अमरसिंहाच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. तो रणधीरवर जाईल म्हणून शिपाई आडवे झाले. पण तो भिंतीला टेकला आणि आपल्या बाह्यांकडं बघू लागला.

शांतलिंग कठड्यावर गेला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. रणधीरला हातकडीत पुढं उभं केलं. आरडाओरडा थांबला. कुणीतरी फाटक उघडायला मदतसुद्धा केली आणि माणसं आवारात आली. बिराप्पाला चौघांनी उचलून जीपमध्ये ठेवलं.

जीप दवाखान्याकडं निघाली, पण कमलबाई तिच्यात बसली नाही. ती फौजदारासमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, फोटोवाल्याला कुणी मारलं ते लिवलंत. आता माझ्या मालकाचा हात कुणी मोडला ते लिवा. वाडा कुणी पेटवला ते लिवा. समदी नावं मला ठावं हायेत. हितंच उभी हायेत."

माणसं मागं सरू लागली. काठ्या खाली पडल्याचे आवाज आले.

"फाटक लावा, कुणाला बाहेर सोडू नका," शांतलिंग शिपायाला म्हणाला. मग त्यानं बाक ओढला, मांडीवर कागद घेतला. "सांगा बाई. पहिलं नाव?"

कमलबाईनं तोंड उघडायच्या आत अमरसिंह तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"पहिलं माझं लिहा," तो म्हणाला. "हात म्या मोडला. तो न्हाय न्हाय म्हणत होता, तरी मोडला."