पेशींचं म्हातारपण

हेमंत तांबवेकर बहात्तराव्या वर्षीही रोज सकाळी अजिंक्यतारा चढत आणि खाली आल्यावर शेजाऱ्यांना न विचारता ते सांगतही. त्यात नवल काहीच नव्हतं. साताऱ्यातली अर्धी पेन्शनर मंडळी हल्ली गडावरच भेटे. सगळ्यांनी सहा वर्षांपूर्वी ‘थांबमुक्ती’ घेतली होती. पेशी ठरावीक वेळा विभागतात आणि मग कायमच्या थांबतात. या इंजेक्शनानंतर त्या थांबत नसत. संमतीपत्रात छापलं होतं : ‘हा उपचार पेशींचे म्हातारपण घालवतो.’ लोकांनी ‘पेशींचे’ सोडून उरलेलं वाक्य वाचलं आणि रांगा लावल्या.

ते वाक्य हेमंतरावांच्या बायकोचं होतं. उज्ज्वलाताई संशोधन संस्थेत अनुवादक होत्या. मूळ इंग्रजीत दोन शब्द होते, एक पेशीसाठी, एक माणसासाठी. त्यांनी दोन्हींना ‘म्हातारपण’च घातलं. नको नको म्हणणाऱ्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं तेही त्यांनीच.

आज नव्या पत्रकासाठी संस्थेतल्या डॉ. शबाना मुजावर यांनी त्यांना बोलावलं होतं.

“या वेळी दोन शब्द लागतील, ताई.”

“एवढा काय फरक पडतो?”

डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. “सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. कुठलं बोलतं, कुठलं गप्प बसतं, त्यावर पेशीचं वागणं ठरतं. त्याचा नकाशा म्हणजे जनुकपट. हा थांबलेल्या पेशीचा, हा म्हाताऱ्या माणसाचा. आम्हीही दोन्ही एकच समजलो होतो. थोडे जुळतात. बाकी नाही.”

“मग थांबलेली पेशी जुळते कशाशी?”

“ती कशाच्या उलट आहे, ते सापडलं. कॅन्सरच्या गाठीच्या. तिथं जे बोलतं, ते इथं गप्प. पेशी थकून थांबत नव्हती, ताई. गाठ होऊ नये म्हणून थांबत होती. आपण ते थांबणंच पुसून टाकलं.”

“म्हणजे ह्यांना...”

“घेतलेल्या प्रत्येकाला. वर्ष, फार तर दोन.”

“उलटं फिरवता येईल ना? काहीतरी असेलच की!”

“नाही, ताई,” म्हणत डॉक्टरांनी पडदा बंद केला.

उज्ज्वलाताईंनी घरी येऊन मसुदा लिहिला. लपवावासा वाटत होता, पण हेमंतराव मुद्रितशोधक. बायकोचा प्रत्येक मजकूर आधी त्यांच्या हाताखालून जाई. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली. ‘गाठींवरील उपचारांची उपयुक्तता मर्यादित राहील’ या ओळीशी ते थांबले. मग ती खोडून पेन्सिलीनं वर लिहिलं, ‘यावर उपाय नाही.’

“सरळ लिही गं. लोकांना कळायला हवं.”

उज्ज्वलाताईंना त्यांच्याकडे बघवेना.

“प्रती किती काढणार आहेत?” हेमंतरावांनी विचारलं.

“घेतलेल्या प्रत्येकाला एक. नऊ लाख,” त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.