पंधराव्या घराची लांबी

समुद्र इथून शेकडो कोस लांब, तरी कवठापूरला किनारा होता. निलंग्याहून येणारी एसटी फाट्यावरूनच परत फिरायची. पुढं चार किलोमीटर पायी तुडवले की धरणाचं पाणी दिसायचं. चाळीस वर्षांपूर्वी गाव उठवून वर माळावर बसवलं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. मे महिन्यात पाणी आटलं की पंधरा-वीस दिवस ते उघडं पडायचं. नुसती जोती आणि गाळ.

महामाया वही आणि पन्नास फुटी टेप घेऊन भरदुपारी तिथं उतरली होती. नव्या गावातल्या बौद्ध वस्तीला अतिक्रमणाची नोटीस आली होती. तुम्ही मूळ गावचे नाहीत, मागाहून येऊन बसलात, असं तो कागद म्हणत होता. उद्याच्या ग्रामसभेत जुन्या वस्तीचा नकाशा मांडला नाही, तर घरं पडणार होती. इतिहासात एम.ए. करून आपण इथलेच आहोत हे सिद्ध करत फिरायचं, याचाच तिला संताप येत होता.

जुनी घरं सांगणारं एकच माणूस उरलं होतं, धुरपताबाई.

"हे नागसेनच्या आज्याचं. हे आमचं. इथं माझी चूल व्हती बघ. आता मासे येऊन बसतात, न शिजता."

धुरपताबाई टेपची कडी एका कोपऱ्यात दाबून धरायची. महामाया दुसऱ्या कोपऱ्यावरून आकडा वाचायची, लिहायची आणि म्हणायची, "सोडा." आधी लांबी, मग रुंदी. दोन्ही असल्याशिवाय घर नकाशावर बसत नव्हतं.

चौदा घरं झाली. पंधरावं जोतं सगळ्यांत धड होतं. धुरपताबाई त्याला वळसा घालून पुढं निघाली.

"आत्या, हे राहिलं."

"गोठा व्हता तो."

"गोठ्यात चूल?"

"चल बाई, ऊन लई हाय."

महामाया थबकली. नोटिशीमागं सरपंचाची माणसं होती, आणि परवाच तिनं धुरपताबाईला सरपंचाच्या ओट्यावर पाहिलं होतं.

"सरपंचाचा चहा लई गोड लागला वाटतं, आत्या."

"जीभ आवर! शिकलीस म्हणून काय बी बोलायलीस?"

महामाया एकटीच आत शिरली. मागच्या कोपऱ्यात एक घडीव दगड होता. तिनं गाळ पुसला. खाली धम्मचक्र आणि १९५६ हा आकडा. धरणाच्या कितीतरी आधीचा! पण ज्या घरात हा दगड, ते घर नकाशावर नसेल तर पुराव्याला विचारतो कोण?

"कोणाचं घर हे?"

धुरपताबाई बाहेर पाठ करून बसली होती.

"उमाबाईचं… एकलीच व्हती. म्हणायची, पाणी दारात आलं की बघू. गाव उठलं तवा साहेबानं नावं वाचली. तिचं नाव आलं… मीच म्हणलं, हाय. वाटलं, मागल्या ट्रकमधी असंल."

"मग?"

"सांजच्याला धरणाची दारं लावली, ती आतच राहिली. मग वस्तीनं ठरवलं… घरं चौदाच."

वारा पडला होता. मघापासून नाकात बसलेला मेल्या माशांचा वास कधी गेला, ते कळलं नाही. आता शेणानं नुकतंच सारवल्यासारखा ओला वास येत होता.

महामायाला आधी शहारा आला, मग राग. वस्तीला कागदावरून पुसणाऱ्यांशी भांडायला ती निघाली होती, आणि वस्तीनंच एक घर पुसलं होतं.

"हे घर मी लिहिणार."

"नको, पोरी… तिला कळंल."

महामायानं ऐकलं नाही. दगडाजवळ कडी टाकून ती तरातरा पुढच्या कोपऱ्यावर आली. टेप ताणून आकडा वाचला. सोळा फूट चार इंच. लिहिला.

"सोडा," ती सवयीनं म्हणाली.

टेप सैल पडला. कडी गाळातून खरडत आली.

"कोणाला म्हणलीस गं…?" बाहेरून धुरपताबाईचा आवाज आला. ती होती तिथंच बसली होती, दोन्ही हात कानांवर ठेवून.

कडी येता येता मध्येच थांबली. मग ओल्या गाळात रेघ ओढत ती सावकाश समोरच्या कोपऱ्याकडं सरकली. रुंदीच्या कोपऱ्याकडं. टेप ताठ झाला.

महामाया टेपवर वाकली. नऊ फूट दोन इंच. तिनं तो आकडा लिहिला. पंधरावं घर नकाशावर बसलं.

आता फक्त 'सोडा' म्हणायचं राहिलं होतं.