पाहुण्यांचे तीन आठवडे

मी शिडीवर होते आणि तो दारात उभा होता... डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेला, आणि हातातली छत्री मात्र मिटलेली.

"नळाचं बघायला आलात ना?" मी वरूनच विचारलं. "तो बघा, कोपऱ्यात, बादलीच्या वर."

तो कोपऱ्यात गेला. मान वर करून पाइप बघितला, बादलीत पडणारे थेंब जरा वेळ ऐकले आणि म्हणाला, "गळतो खरा. पण लयीत गळतोय."

आमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं ग्रंथालय रंगमंचाच्या बरोबर खाली होतं. वरच्या वादकांच्या समोर जी छापील स्वरांची पानं असतात, ती सगळी माझ्या ताब्यात. कुठे व्हायोलिनचा गज वर ओढायचा, कुठे खाली, कुठे थांबायचं, या खुणा प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने करणं हे माझं काम. आणि त्या आठवड्यात त्या कामाने माझा जीव मेटाकुटीला आला होता. नळवाल्यापाशी मन मोकळं करायला हरकत नाही असं वाटून मी सुरू झाले. परदेशातून कुणी नवे प्रमुख अतिथी कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून काठीच्या इशाऱ्याने सगळ्यांकडून वाजवून घेणारे, येणार आहेत, त्यांनी खुणांची भलीमोठी यादी पाठवली आहे, जुनं सगळं खोडून बोटं झिजली, आणि कहर म्हणजे चौथ्या पानावर प्रत्येक व्हायोलिनवाल्यासाठी लिहायला सांगितलं आहे, 'श्वास घ्या.' व्हायोलिन काय तोंडाने वाजवतात? श्वास तर माणूस तसाही घेतोच.

"विसरतात," तो म्हणाला.

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. हत्यारांची पेटी नव्हती. कोटाच्या आत, छातीशी, कापडात गुंडाळलेलं स्वरांचं एक जाड पुस्तक होतं, कंडक्टर समोर ठेवतात तसलं. ते भिजू नये म्हणून हा माणूस दोन्ही हातांनी ते धरून पावसातून चालत आला होता. मला शिडीची पायरी सापडेना. त्याने पुढे होऊन शिडी धरली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "सावकाश या. मी उद्या येणार होतो, चूक माझीच."

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. आता त्याला चोवीस वर्षं झाली, तरी त्या शिडीवरून उतरताना कान किती तापले होते ते मला नीट आठवतं.

दारावरच्या पाटीवर त्याचं लांबलचक पद लिहिलेलं असे, पण वादकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'पाहुणे' ठेवून टाकलं. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे, एकदा पानगळीत आणि एकदा वसंतात. दर खेपेला तीन आठवडे, आणि करार पाच वर्षांचा. तालमीत कधी आवाज चढवायचे नाहीत. एखाद्याचं चुकलं तर काठी खाली ठेवून त्यालाच विचारायचे, तुम्हाला इथे काय ऐकू येतं? बिचारा वादक सांगता सांगताच सुधारायचा. मी पडद्याच्या कडेला पेन्सिल घेऊन उभी असायचे, बदल टिपायला. काही बदलायचं असलं की ते मान वळवून माझ्याकडे बघायचे. दुसऱ्या वर्षापासून काही बदलायचं नसलं तरी बघायचे.

मराठीत एक सोय आहे, की माणूस कधी जवळचा झाला ते आपल्या तोंडूनच आपल्याला कळतं. बोलताना ते 'ते'च होते. मनात मात्र कधीतरी 'तो' झाला.

घरी मी आणि बाबा. बाबा त्याच ऑर्केस्ट्रात अठ्ठावीस वर्षं ओबो वाजवायचे. सनईच्या नात्यातलं हे वाद्य, वेताच्या बारीक पातीतून फुंकायचं. पुढचे दात गेले, कवळी आली आणि ओठांची पकड सुटली. त्यांनी ओबो पेटीत ठेवला आणि त्या सभागृहाची पायरी पुन्हा चढले नाहीत. कुणी बोलावलं तर म्हणायचे, दात नसलेल्याने जेवणाच्या पंगतीला कशाला बसावं. दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर इतरांसाठी पाती तासत बसायचे. ओट्यावर, साखरेच्या डब्यात, सगळीकडे वेताचा भुसा.

तिसऱ्या वर्षी पाहुण्यांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांना भेटता येईल का? एका संथ भागात ओबोचं लांबच लांब एकट्याचं वादन होतं आणि आमच्या नव्या ओबोवाल्याचा दम अर्ध्यातच संपत होता. मी सांगितलं की बाबा भेटणार नाहीत, भेटले तर भांडतील. तरी तो आला. बाबा खरंच भांडले. कंडक्टर लोकांना फुंकणाऱ्याच्या छातीची पर्वा नसते, हात हलवायला काय जातं, असं बरंच काही बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मग म्हणाला की म्हणूनच आलोय, मला गाऊन दाखवा. बाबांनी कवळी काढून ठेवली आणि बोळक्या तोंडाने तो सगळा भाग गाऊन दाखवला, कुठे चोरून दम घ्यायचा ते टेबलावर बोट आपटून. मी चहाचं आधण ठेवून विसरले. पाणी आटून गेलं.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "याला ऐकता येतं." आणि दोन दिवसांनी, कुणीही न सांगता, इस्त्रीचा कोट घालून तालमीला आले आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसले. नऊ वर्षांनी. वाद्यं जुळवताना ओबोचा पहिला सूर लागला तसे सगळे वादक त्यांच्याकडे बघत उभे राहिले. बाबा रागावल्यासारखं करून रुमाल शोधत होते. मी पडद्याआडून बघत होते, बाबांकडे नव्हे, त्याच्याकडे. तो वादकांबरोबर उभा होता, काठी खिशात घालून.

मधल्या महिन्यांत पत्रं यायची. सगळी कामाची. अमुक पानावर गज खाली करा, तमुक ठिकाणी छपाईची चूक आहे. शेवटी एक ओळ हवेची. पुढे पुढे कामाची एक ओळ उरली आणि पान भरून हवा. खिडकीतून समुद्र कसा दिसतो, आज एक जहाज दिवसभर जागेवरच कसं होतं. ही पत्रं मी 'तांत्रिक पत्रव्यवहार' अशी चिठ्ठी लावून फायलीत ठेवायचे. एकदा कार्यालयाने ती फाइल तपासणीला मागितली, तर मी चक्क हरवली म्हणून सांगितलं.

पाचव्या वर्षी, वसंतातला शेवटचा आठवडा. मधली सुट्टी झाली होती, वादक चहाला गेले होते. मी रिकाम्या रंगमंचावर पानं गोळा करत होते. तो आला आणि एका स्टँडवरची पानं उगाच सरळ करू लागला. म्हणाला की पत्रांतल्या त्या समुद्रकाठच्या शहरात त्याला कायमचा ऑर्केस्ट्रा मिळाला आहे.

"तिथे... ग्रंथपालाची जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "तुम्ही याल का?"

हातातली पानं मी छातीशी धरली. पाच वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हेच होतं का, मला कळेना. मी म्हणाले, "बाबांना सोडून मला येता यायचं नाही."

त्याने मान हलवली. आग्रह केला नाही. शेवटच्या मैफलीत ओबोचा तोच संथ भाग इतका सावकाश गेला की ओबोवाल्याला दम पुरतो की नाही असं वाटलं. पुरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. मी पानं खोडायला बसले. त्याच्या खुणा खोडून टाकायच्या, प्रती कोऱ्या करून ठेवायच्या, नियमच तसा. एका दिवसाच्या कामाला मला तीन आठवडे लागले.

मग एका दुपारी ओबोवाला पाती न्यायला घरी आला. तालमीच्या मधल्या सुट्टीतही हा गडी खुर्ची सोडत नसे, आपल्या ओबोशी खुडबुडत बसे. मला रंगमंच रिकामा वाटला त्या दिवशीही तो तिथेच, मागच्या रांगेत वाकून बसला होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या पोटात काही राहत नाही. मी कामावरून आले तेव्हा बाबा पाती तासत नव्हते. नुसते बसले होते.

"मला न विचारता," ते म्हणाले, "माझ्या नावावर नकार देऊन आलीस?"

मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मी ओबो सोडला तो दातांमुळे, तू कशामुळे सोडतेयस, असं विचारलं. वर म्हणाले की विचारलं असतंस तर सांगितलं असतं, मला कधीचा समुद्र बघायचाय, आणि वेत काय तिथेही तासता येतो. मग त्यांनीच पत्रातून नंबर शोधला. म्हणजे 'हरवलेली' फाइल माझ्या कपाटात आहे हे त्यांना ठाऊक होतं. फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते समोरच वर्तमानपत्र उघडून बसले.

पलीकडून त्याचा आवाज आला. मी कसंबसं म्हणाले, "त्या दिवशी मी नाही म्हणाले ना... ते बाबांच्या वतीने होतं. बाबांचं म्हणणं वेगळं निघालं."

मग त्याने विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं तुम्ही विचारलंच कुठे? तुम्ही नोकरीचं विचारलंत."

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "आता विचारतो."

आणि त्याने विचारलं, साध्या चार शब्दांत. मी 'हो' म्हटलं, पण ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, माझा पुन्हा आवाज फुटेना. तेव्हा वर्तमानपत्रामागून बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "हो म्हणतेय ती. हे असं कळतच नाही तुम्हा कंडक्टर लोकांना."

पानगळीच्या सुरुवातीला मी आणि बाबा निघालो. बाबांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा वेत जास्त होता. ते तिथे सात वर्षं राहिले. रोज सकाळी समुद्रावर फिरायला जायचे आणि परत आल्यावर जावयाला त्याच्या तालमीतल्या चुका सांगायचे. आणि तो न्याहारी थांबवून त्या लिहून घ्यायचा.