तीस डिग्री

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय. रायपूरमध्ये, गेल्या जानेवारीत, तेही भर दुपारी.

मारोतीकाका शवागारात कामाला. एकवीस वर्षं झाली. मेलेल्याचं अंग तासातासानं गार होत जातं. ते मोजून डॉक्टर मरणाची वेळ काढतात. पण त्यासाठी प्रेत जिथं सापडलं, त्या खोलीचा पाराही लागतो. खोलीच तापलेली असेल, तर प्रेत गार होणार कसं?

त्याआधीच्या मे महिन्यात रायपूरजवळच्या उरल्यात, कारखान्यांच्या वस्तीतल्या एका पत्र्याच्या खोलीत माया नावाच्या बाईचं प्रेत सापडलं. खोलीचा पारा नोंदवायचं काम काकांचं. आत नुसती भट्टी. काका दारातूनच मागे फिरले, कडुनिंबाखाली बसले आणि मनानंच लिहून टाकलं...

तीस.

खरा पारा चाळिसाच्याही वर होता. माया सकाळीच गेली असणार, तिचा नवरा प्रशिक कारखान्यात ड्युटीवर असताना. पण तीस धरलं, तर एवढं गरम अंग म्हणजे तासाभरापूर्वीचं मरण. आणि तेव्हा प्रशिक घरी आलेला.

पोलिसांनी त्याला खुनाच्या आरोपाखाली उचललं.

काकांना चूक त्याच रात्री उमगली. पण नोकरीच्या भीतीनं ते मूग गिळून बसले.

जानेवारीत प्रशिक जेलमध्येच काविळीनं गेला. प्रेत काकांच्याच टेबलावर आलं.

काकांनी थर्मामीटर लावला... सदतीस. जिवंत माणसाचा असतो तेवढा.

दोन तासांनी पुन्हा.

सदतीस.

रात्रभर शीतपेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली. शेजारचं प्रेत बर्फासारखं. आणि प्रशिक...

सदतीस.

डॉक्टरांनी तीनदा तपासलं. श्वास नाही, नाडी नाही. "मर चुका है, मारोती. बॉडी दे दो."

बाहेर त्याची आई, मीराबाई, बसून होती. ती आत आली. मुलाच्या छातीवर हात ठेवला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊ, पोट्टा गरम हाय माहा! झोपून राहिला तो! डॉक्टरले बोलाव ना!"

"नाही माय. गेला तो."

"मंग थंडा काहून नाही झाला?"

काकांना राहवलं नाही. पत्र्याची खोली, कडुनिंब, तीस... सगळं ओकले. ढसाढसा रडले.

मीराबाईनं हात काढला नाही.

"हे कोर्टात सांगायचं होतं, भाऊ. आता मले सांगून राहिला?"

मग म्हणाली, "गरम पोट्ट्याले मी आग कशी देऊ?"

दिली. द्यावीच लागली. काका खांदा द्यायला होते. त्यांच्या खांद्याला शेवटपर्यंत ऊब लागत होती.

नंतर काकांनी लेखी कबुली दिली. आरोपीच मेलेला, फाईल बंद. कोणी वाचलीसुद्धा नाही.

परवा मी त्यांना भेटायला शवागारात गेलो. आत मला हुडहुडी भरली. सहज भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं...

तीस.

"काका, बिघडला का हा?"

काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"चौथा हाय हा, बाबू."