सकाळचं कोरं पान

फोन आला तेव्हा मामा नुकतेच जेवून उठले होते.

"मामा, लवकर ये. पोलीस मला न्यायला निघालेत." भाची घाईघाईने सांगत होती. "पाण्याची सूचना मी वेबसाइटवर टाकलीच नाही म्हणतात. मी टाकली होती रे!"

मामा जागच्या जागी थिजले. कारण ती सूचना सव्वासात वाजता त्यांनी स्वतः ऐकली होती.

ऐकली, कारण मामांना जन्मापासून दिसत नव्हतं. भाची पाणीपुरवठा खात्याच्या वेबसाइटवर पानं टाकायची, आणि ती घरून तपासणं हेच मामांचं पोटापाण्याचं काम. संगणक पान मोठ्याने वाचायचा आणि मामा चुका टिपायचे. आज तोच आवाज म्हणाला होता, "उत्तर भागातील नागरिकांनी नळाचे पाणी पिऊ नये." मामांनी माठ रिकामा केला, दुकानातून बाटल्या मागवल्या आणि आपल्या कामाला लागले.

खात्याच्या कार्यालयात चिडीचूप शांतता होती. टेबलावर पुष्पगुच्छ पडून होते. दहा वाजता उत्तम सेवेच्या पुरस्कारासाठी समिती पाहणी करून गेली होती. फुलांचा वास मात्र अजून दरवळत होता, आणि आज तो नकोसा वाटत होता.

"चाळीस माणसं दवाखान्यात आहेत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "दोन लहान भावंडं शुद्धीवर नाहीत. त्यातलं कोणी गेलं, तर तुमच्या भाचीवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागेल. पानाच्या नोंदीत वेळ आहे दुपारी बारा पाच. ती म्हणते पावणेसात."

"कोणाकोणाकडे चावी आहे? म्हणजे पानात बदल करायची?"

"तिच्याकडे आणि साहेबांकडे."

साहेब म्हणजे वेबसाइटचे प्रमुख. ते घसा खाकरून पुढे आले. "मामा, पोरगी हुशार आहे हो, पण या नव्या पोरांना सगळं आयतं लागतं. फ्रेमवर्कमध्ये मजकूर ओतायचा, पान आपोआप तयार. आम्ही पानाच्या मांडणीची एकेक खूण, एकेक टॅग, नोटपॅडमध्ये हाताने लिहिलाय. तेव्हा अशी ढिलाई चालत नव्हती."

"सकाळी पान पाहिलंत तुम्ही?" मामांनी विचारलं.

"साडेसातला पाहिलं. सूचना नव्हती. खाली नेहमीचा मदतीचा फोन नंबर, बस्स."

"मग हिला विचारलं नाहीत?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, पाणी बिघडलंय म्हणून? अकराला बोंबाबोंब झाली तेव्हा कळलं. मग मीच हिला सगळी पानं नव्याने तयार करायला लावली."

पंपघराचे इंजिनिअर कोपऱ्यात बसले होते. पाण्याचा नमुना त्यांनीच तपासला होता. मामा आवाजाच्या दिशेने वळले.

"अहवाल कोणाला पाठवलात?"

"साडेसहाला साहेबांना आणि हिला, दोघांनाही. साहेबांनी उघडला नसेल." इंजिनिअरांचा आवाज खोल गेला होता. "माझ्या पडद्यावर एक दिवा आहे. सूचनेतले शब्द पानावर सापडले की तो हिरवा होतो. पावणेसातपासून हिरवाच होता, म्हणून मी निर्धास्त राहिलो. आठला सहज पान उघडलं, तर खालचा सगळा भाग कोरा! फोन करावा म्हणून मदतीचा नंबर शोधला, तर तोही दिसेना. दिवा हिरवा होता, म्हणून माझंच इंटरनेट अडकलं असेल समजून सोडून दिलं."

"दिवा बिघडलाय," साहेब तुटकपणे म्हणाले.

मामा भाचीला म्हणाले, "चिमे, सातचा अहवाल काढ माझा."

रोज सकाळी सातला एक छोटा प्रोग्राम सगळी पानं तपासून, सापडलेल्या चुका मामांना मेलने पाठवायचा. दोन वर्षांत एकही चूक आली नव्हती, त्यामुळे मामांनी आजचा मेल उघडलाच नव्हता. भाचीने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळली.

"सूचनेच्या ओळीआधी फॉन्ट टॅग. रंग पांढरा. वापरातून बाद. बंद केलेला नाही."

"मराठीत सांगा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

"सूचना होती, बाई. पावणेसातपासून होती. फॉन्ट टॅग म्हणजे अक्षरांचा रंग ठरवणारी जुनी खूण; तिने पांढऱ्या पानावर सूचनेला पांढरा रंग फासला होता. माझा संगणक शब्द वाचतो, रंग नाही. इंजिनिअरांचा दिवाही तसाच. म्हणून मला ती ऐकू आली आणि दिवा हिरवा राहिला. सूचना काढून टाकली असती तर दिवा लाल झाला असता, आणि इंजिनिअर धावत आले असते. दिवाही फसावा आणि डोळेही फसावेत, असा कोणीतरी बेत केला."

"कोणी?"

"आमचं फ्रेमवर्क टॅग उघडला की तो बंद करतंच. विसरतं ते माणूस. म्हणजे तयार पानात कोणीतरी हाताने लुडबुड केली. नंतर सगळी पानं नव्याने तयार केली की ती लुडबुड पुसली जाते, आणि नोंदीत बाराची वेळ बसते. ते करायला कोणी लावलं, ते आत्ताच ऐकलंत."

"हिनेही केलं असेल!" साहेब ओरडले.

"फॉन्ट टॅग वापरातून गेला तेव्हा ही दुधाच्या बाटलीवर होती. आणि चार वर्षं माझ्याबरोबर काम करते ही. डोळ्यांपासून लपवलेलं मला ऐकू येतं, हे तिला झोपेतही ठाऊक आहे. बरं, तो टॅग बंद केला नाही, म्हणून पांढरा रंग खाली ओघळला आणि मदतीचा नंबरही पुसून गेला. इंजिनिअरांना तो दिसला नाही. साहेब, तुम्हाला साडेसातला कसा दिसला?"

साहेब पुन्हा घसा खाकरू लागले.

"तुम्ही पान पाहिलंच नाही. सूचना गेली असेल, नंबर राहिला असेल, असा अंदाज ठोकलात. साडेसहाचा अहवाल मात्र वाचला होता."

खुर्ची करकरली. साहेब मटकन बसले असावेत.

"समिती वेबसाइट पाहणार होती, ही सूचना दिसली असती तर पुरस्कार गेला असता," ते पुटपुटले. "फक्त दुपारपर्यंतच... तोवर पाणी नीट होईल असं वाटलं. कोणाला इतकं होईल असं खरंच वाटलं नव्हतं हो."

इन्स्पेक्टरबाईंनी शिपायाला खूण केली. साहेबांची पावलं दाराबाहेर गेली, आणि भाची मामांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागली.

मामांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. मग विचारलं, "बाई, ती भावंडं कुठली?"

बाईंनी कागद चाळले. पत्ता वाचताना त्यांचा आवाज हळू झाला. इमारत मामांचीच होती. तळमजला.

"मामा, तू वाचवलंस मला," भाची म्हणत होती.

"मला सव्वासातलाच कळलं होतं, चिमे. सगळ्यांना दिसतच असेल, असं धरून चाललो मी. बाटल्या मागवल्या आणि दार लावून घेतलं. खाली एक हाक मारली असती तर..." मामा दाराकडे वळले. "मला दवाखान्यात ने. त्यांच्या आईला हे मीच सांगायला हवं."