राखायचा शेंडा

राजू, मोबाइल ठेव खाली. आशा, तूही सरक इकडं. लाइट काय सकाळपर्यंत येत नाय. द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला आलात, पण राब कशाला म्हणतात ते तरी ठाऊक हाय का तुम्हाला?

पौषात ऐनाच्या झाडावर चढायचं, फांद्या तोडायच्या. चैत्रापर्यंत वाळल्या की वाफ्यावर पसरून पेटवायच्या. तो राब. त्या राखेत नागलीचं रोप लय जोमानं उठतं. पण तोडताना झाडाचा शेंडा राखायचा. कितीही नड असू दे. शेंडा असला तर झाड पुढच्या पावसात फुटतं, नायतर मरतं.

माझ्या ओळखीचा बारकू, सुरगाण्याकडचा. आता सांगतो ते त्यानंच मला सांगितलं. त्याची बहीण कमळाबाई त्याच गावात गोरक्षला दिलेली. गोरक्षचा चुलतभाऊ भिका, एकटा जीव. दोघांचे माळ लागून. २००१ च्या संक्रांतीला भिका ऐनावरून पडला. कंबर मोडली. रात्रभर गोरक्षला हाका मारत होता. सकाळी मेला.

गोरक्ष कुठं होता? तिथंच. झाडाखाली बिडी ओढत बसला होता. भिकाच्या मागं कोणी नाय, माळ आपल्यालाच मिळणार, म्हणून उठला नाय. दारू पिऊन त्यानंच हे बारकूला सांगितलं. आणि बारकू गप्प बसला. बहिणीच्या कुंकवासाठी म्हणे. मला अजून त्याचा राग येतो.

त्याच महिन्यात गोरक्षनं तो ऐन तोडायला घेतला.

"दाजी, शेंडा राखा," बारकू म्हणाला.

"भिकानं जन्मभर राखला. काय मिळालं त्याला?"

शेंड्यासकट सगळं तोडलं. उतरता उतरता खुंटसुद्धा छाटले. झाडाचा नुसता खांब उरला. त्यावर माकड चढलं नसतं.

आखाती, म्हणजे अक्षय तृतीया, तिचा आदला दिवस, बुधवार. रात्रीचे आठ वाजलेले. गोरक्ष राब पेटवून राखणीला बसला होता, आग रानात जायला नको म्हणून. कमळाबाईनं भाकर बांधली. "तेवढी दाजींना देऊन ये रे." बारकू बॅटरी घेऊन निघाला.

राब विझत आला होता. वारा नव्हता. ऐनाखाली बिडीचं लाल टोक दिसलं. पाठमोरा माणूस बसलेला.

"दाजी, भाकर आणलीय."

माणसानं नुसती बिडी ओढली.

"बारकू..."

आवाज वरून आला.

"बारकू... मला खाली घे..."

बारकूनं बॅटरी वर केली. खांबाच्या पार टोकाला गोरक्ष. शेंडा होता तिथं. हातापायांनी खोड आवळून.

मग खाली कोण...

"बस," खालचा म्हणाला. आवाज भिकाचा. "बस बारकू. गप्प बसायला जमतं तुला."

बारकू बसला. पाय उचलेनात. तोंड उघडेना. वरून हाका येत राहिल्या. त्याचं नाव घेऊन. रात्रभर... पहाटे थांबल्या.

सकाळी गावानं दोन शिड्या जोडून गोरक्षला उतरवला. गार पडला होता. वर गेला कसा, कोणालाच कळलं नाय.

बारकूनं गाव सोडलं. अंबडला कारखान्यात वॉचमन झाला, पत्र्याच्या खोलीत राहिला. तिथं ऐन औषधाला नाय. तरी दरवर्षी आखातीला सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर ऐनाचा हिरवा शेंडा पडलेला.

"खरंच, बाबा?"

मलाही खोटं वाटायचं, आशा. म्हणून यंदा मी त्याच्याकडं मुक्कामाला गेलो. रात्री कडी मी स्वतः लावली. पहाटे मीच काढली. उंबऱ्यावर काही नव्हतं. म्हटलं, सुटला बिचारा. सांगायला मागं वळलो...

अंथरुणात बारकू नव्हता.

उशीवर शेंडा होता. तोडलेलं टोक अजून ओलं होतं.